पुसा रुधिराचे पाकीट आणि माळव्याची काळी माती

गेल्या सप्टेंबरात इंदूरमधल्या एका दुकानातून मी गाजराच्या बियाण्यांची दोन पाकिटे घेतली. एक होते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा रुधिरा’ या लाल वाणाचे आणि दुसरे नांतेस प्रकारच्या नारिंगी गाजराचे. पेरण्यापूर्वी दोन्हींतले पन्नास-पन्नास दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले, तेव्हा रुधिराचे तेहेतीस दाणे उगवले आणि नांतेसचे केवळ अकरा. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ६० टक्के असावी लागते. पाकीट उलटून पाहिले, तर नांतेसची मुदत संपून चार महिने झाले होते. दुकानदारकाकांनी “हवामानाचा दोष असेल” एवढेच सांगून विषय संपवला, याचे मला मनापासून वाईट वाटले. कारण गाजराचे बी फार काळ टिकत नाही, हे रोज बियाणे विकणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे.

रुधिराबद्दल मात्र मी समाधानी आहे. पाकिटावर दोन सेंटिमीटर खोल पेरण्याची सूचना होती, ती मी मुद्दाम पाळली नाही, कारण आपली काळी माती पाणी दिल्यावर चिकटते आणि सुकताच तिच्यावर असा कडक पापुद्रा येतो की केसासारखा बारीक कोंब तो फोडू शकत नाही. म्हणून वाफा फूटभर खणला, मातीत तितकीच नर्मदेची रेती आणि चाळलेले कंपोस्ट मिसळले, बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर झाकले आणि उगवण दिसेपर्यंत वर ओले गोणपाट ठेवले. नवव्या दिवशी हिरवी रेघ दिसली. रोपे बोटभर उंच झाल्यावर दोन रोपांत चार बोटे अंतर राहील अशी विरळणी केली. ती करताना जीव तुटतो, पण न केल्यास गाजरे पोसत नाहीत.

वाफ्याच्या एका कोपऱ्यात कंपोस्ट कमी पडल्याने मी अर्धवट कुजलेले शेणखत घातले होते, आणि तिथली गाजरे खांद्यापासून दोन बोटांवरच फाटे फुटून एकमेकांत गुरफटली. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात ज्या शहरात राहून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, त्या शहरात तरी खत पुरते कुजू देण्याचा धीर आपण धरायला हवा होता, असे राहून राहून वाटले.

डिसेंबरअखेर काढलेली बाकीची गाजरे सरळ, वीतभर लांब आणि आतल्या गाभ्यापर्यंत लाल निघाली. हलव्याला वेगळा रंग लागला नाही आणि साखरही नेहमीपेक्षा कमी लागली. हे बियाणे मी पुन्हा घेईन, मात्र चाचणीची तारीख आणि मुदत दुकानातच वाचून. उरलेले बी घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवले आहे. येत्या सप्टेंबरात पेरण्याआधी त्यातलेही पन्नास दाणे फडक्यात घालून पाहीन.