रेकॉर्ड कटिंगच्या लेथसाठी प्लॅटर करून घेतला, रबाळे एमआयडीसी

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आतल्या गल्लीत एक छोटं टर्निंगचं शॉप आहे, तिथून माझ्या बेल्ट ड्राइव्हवाल्या कटिंग लेथसाठी (कोऱ्या डिस्कवर आवाजाची खाच कापून रेकॉर्ड बनवणारं मशीन) ॲल्युमिनियमचा प्लॅटर, म्हणजे डिस्क ज्यावर फिरते ती ताटली, करून घेतला आणि काम एकदम झकास झालंय. (टेक्निक्स १२०० या डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलवर कटिंग करणाऱ्यांनी या भानगडीत पडू नका, त्यात मोटरचं मॅग्नेट प्लॅटरलाच असतं.)

नुसती रेकॉर्ड वाजवताना सुईचा भार दीड-दोन ग्रॅम, कुठलाही प्लॅटर चालून जातो. कटिंगमध्ये सुई मटेरियल खरवडत जाते, खाच खोल गेली की ओढ वाढते, प्लॅटर हलका असेल तर स्पीड दबतो आणि हार्मोनियमचा लांब सूर लगेच डुलायला लागतो. म्हणून वजन पाहिजे, आणि ते कडेला पाहिजे. १२ इंची २५ एमएम जाड ताटली धरा, ॲक्रिलिकमध्ये २ किलोच्या आसपास, ॲल्युमिनियममध्ये पावणेपाच, एमएसमध्ये (साधं लोखंड, माइल्ड स्टील) जवळजवळ १४. शॉपचे शेठ म्हणाले मग एमएसच घ्या ना साहेब, कळंबोलीत पाहिजे तेवढं मिळतं. पण कटिंग हेडमध्ये (सुई धरून हलवणारा भाग) मॅग्नेट असतात, खाली लोखंड फिरत असेल तर हेड खाली ओढलं जाणार आणि खाचेच्या खोलीची वाट लागणार, वर पावसाळ्यात गंज. ॲक्रिलिक दिसतं भारी पण स्टॅटिक धरतं, कापताना निघणारा दोऱ्यासारखा कचरा चिकटून बसतो, आणि ब्लँक (कोरी डिस्क) गरम करायला वर दिवा लावत असाल तर विसराच. लाकडी भुशाच्या एमडीएफ बोर्डाचं आपल्याकडच्या जुलैत काय होतं ते सांगायला नको.

आता खरं कौतुक टर्नर मामांचं. मी सपाटपणाचं बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "वरचं तोंड किती खरं पाहिजे?" एलपीची खाच साधारण २५ मायक्रॉन खोल म्हटल्यावर हसले, पण रफ कट घेऊन प्लेट रात्रभर तशीच सोडली, कारण चकमध्ये (मशीनच्या पकडीत) आवळलेला जॉब सोडला की उघडतो, म्हणजे आकार किंचित बदलतो. दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने फायनल, बोअर (मधलं भोक) आणि वरचं तोंड एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे दोन्ही एकमेकांना काटकोनात. मग डायल गेज (चढउतार काट्यावर दाखवणारं मापाचं साधन) लावून हाताने सावकाश फिरवून दाखवलं, काटा जेमतेम दोन घरं हलला. खालून मधला भाग कोरून कड जाड ठेवलीय.

ॲल्युमिनियम टिचकी मारली की घंटेसारखं वाजतं, त्यावर खालून गाडीच्या दारात लावतात ती डॅम्पिंग शीट चिकटवली, आवाज मेला. वर मॅट अजिबात नको, ब्लँक कडक सपाट जागेवरच बसला पाहिजे.

तक्रार एकच, सिंगल पीसला इथे कोणी घाई करत नाही, मोठी ऑर्डर आली की आपला जॉब मागे. रेट स्वस्त नाही पण बिल पक्कं देतात. ड्रॉइंग मापांसकट कागदावर घेऊन जा, मोबाईलवरचा फोटो दाखवलात तर मामा चष्मा शोधत बसतात.