रास्पबेरी पाय ४ : लॅपटॉपने झाकलेली चूक याने उघडी पाडली

सावद्याकडे केळी पिकवायच्या चेंबरचं सॉफ्टवेअर लिहितो. ते रास्पबेरी पाय या एका छोट्या बोर्डावरच्या कॉम्प्युटरवर चालतं. आधी पाय ३ वापरायचो, मग पाय ४ घेतला. वेगासाठी नव्हे, जुना मिळेना म्हणून.

महिन्याभरात शेठचा फोन. "काय भो, स्क्रीन मधेच शून्य डिग्री दाखवून राह्यली." आत १७ डिग्री, केळी पिकवणारा इथिलीन वायू सोडलेला, आणि स्क्रीनवर शून्य! सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. तोच प्रोग्राम माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर रात्रभर चालवला, एकदाही चुकला नाही. दोष बोर्डाच्या माथी मारून मोकळा झालो होतो.

चूक माझीच होती. प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामं, म्हणजे थ्रेड. एक थ्रेड तापमान मेमरीत लिहून 'तयार' हा फ्लॅग, म्हणजे खुणेचा झेंडा, वर करायचा. दुसरा थ्रेड फ्लॅग बघून तापमान उचलायचा, जागा शून्य करायचा आणि फ्लॅग खाली. फ्लॅगला 'व्होलाटाइल' हा शब्द लावलं की झालं, असं मी धरून चाललो होतो, कारण मी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतून आलेला. तिथे २००४ च्या जावा ५ पासून व्होलाटाइल लिहिण्या-वाचण्याच्या क्रमाचीही हमी देतं. हा प्रोग्राम सी++ भाषेतला, तिथे शब्द तोच, काम वेगळं: ते मुळात हार्डवेअरच्या रजिस्टरसाठी, म्हणजे यंत्राच्या आतल्या नोंदीच्या जागांसाठी आहे. कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) ते वाचन गाळत नाही, एवढंच. शेजारचं साधं तापमान कंपायलरने मागेपुढे केलं तर त्याला अडवत नाही, प्रोसेसरला तर नाहीच नाही.

इंटेलचा प्रोसेसर एका कोअरचं (आतल्या एका गणकाचं) लिखाण दुसऱ्याला क्रमानेच दाखवतो, वाचनंही क्रमाने झाल्यासारखीच वागतात. म्हणून लॅपटॉपवर माझं पाप झाकलं गेलं. पायमधल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवर तशी सक्ती नाही. त्यात पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ हा प्रोसेसर प्रोग्रामच्या सूचना मागेपुढे करून चालवतो. पाय ३ मधला ए५३ क्रमाने चालवणारा. इथे फ्लॅग नवा आणि तापमान मात्र आधीच वाचून ठेवलेलं, म्हणजे शून्य.

दुरुस्ती दोन ओळींची. फ्लॅग अ‍ॅटॉमिक केला (थ्रेडमध्ये सुरक्षितपणे वाटून घेता येईल असा), लिहिताना 'रिलीज', वाचताना 'अ‍ॅक्वायर', म्हणजे क्रम पाळायची सक्ती. असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना, काढून पाहिली: लॅपटॉपवर दोन्हीकडे साधं 'मूव्ह', बोर्डावर क्रम पाळायला लावणाऱ्या 'एसटीएलआर' आणि 'एलडीएआर'. थ्रेडमधल्या अशा चुका शोधणारा थ्रेड सॅनिटायझर आधी लावला असता तर शेठच्या शिव्या वाचल्या असत्या.

बोर्ड घ्याच. भुसावळच्या मे महिन्यात पंखा मात्र हवा, ८० डिग्रीला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आणि स्क्रीन जोडायला मायक्रो एचडीएमआयची केबल सोबतच मागवा. मी नेहमीची आणली होती, ती तशीच पडून आहे.