डायरी, व्हॉट्सअॅप, कीप की टू डू? शिवणकाम करणाऱ्यांसाठी

बडोद्यात खंडेराव मार्केटच्या दारात, एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली असताना गिऱ्हाईक गाठतं: "ताई, त्या मोरपंखी ब्लाउजची बाही जरा सैल करा हं, आणि शुक्रवारीच हवाय." नवरात्रीच्या आधी असं रोजच होतं. रावपुऱ्यातल्या दुकानात पोचेस्तोवर शुक्रवार लक्षात राहतो, ब्लाउज कोणता ते जातं. म्हणून ऑर्डरी टिपायचं साधन निवडताना मी आधी एवढंच बघते: मेथी खाली न ठेवता नोंद होते का?

डायरी इथेच हरते, तिला दोन हात लागतात. पण मापं डायरीतच. छाती, कंबर, मुंढा, शेजारी गळ्याचं चित्र, हे मोबाइलवर काढायला बोटं वळत नाहीत. एका पावसात पिशवी भिजली आणि शाईतली सगळी मापं एकमेकांत विरघळली. तेव्हापासून शिसपेन्सिल, आणि पान भरलं की फोटो.

व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच संदेश पाठवायची सोय 2022पासून आहे. वेगात तिला तोड नाही, कारण ते उघडंच असतं. अडचण नंतरची. लाइट बिल, मोदकांची कृती, अस्तराचा फोटो आणि मधेच कुठेतरी शुक्रवारचा ब्लाउज. झालेलं आणि राहिलेलं एकाच रांगेत.

गूगल कीप हे नोंदींचं अॅप 2013चं, फुकट. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, नोंद टाइप होते. माझ्या 'चणियाचोळी'ची एकदा 'चण्याची चोळी' झाली होती, पण कळायला तेवढं पुरतं. डिझाइनचा फोटो त्याच नोंदीत राहतो, अस्तर-हुक-फॉलची यादी दुसऱ्याच्या फोनवरही उघडते. नोंदींचे गट करायला लेबलं लावता येतात, पण ती मोजकीच ठेवा. गिऱ्हाइकाच्या नावाने करू नका, कामाच्या प्रकाराने करा.

तारखा एकमेकींवर चढायला लागल्या की कीपचं काम नाही, तिथे मायक्रोसॉफ्ट टू डू, कामांच्या याद्यांचं अॅप. तेही फुकट. एका कामाखाली कापणं, शिवणं, हुक, इस्त्री अशा पायऱ्या टाकून एकेक टिक करता येते. 'माझा दिवस' ही यादी रोज कोरी होते. कालचं राहिलेलं मूळ यादीत असतं, आजच्यात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. दिवाळीच्या तोंडावर ही कोरी पाटी फार बरी वाटते.

टूडूइस्ट या तशाच याद्यांच्या अॅपमध्ये इंग्रजीत 'एव्हरी मंडे' लिहिलं की तारीख आपोआप लागते, हिशेब इंग्रजीत ठेवणाऱ्यांना आवडेल. एव्हरनोट या नोंदींच्या अॅपच्या फुकट खात्यात 2023च्या अखेरीपासून 50च नोंदी. लग्नसराईत त्या महिनाभरही पुरायच्या नाहीत. नोशन हे आणखी एक नोंदींचं अॅप, त्याची पानं सजवण्यात माझी दुपार गेली, काढून टाकलं.

महिन्याला दहा-बारा कपडे शिवत असाल तर डायरी पुरे. रस्त्यात ऑर्डरी मिळत असतील तर कीप जोडा. तारखा एकमेकींवर चढत असतील किंवा हाताखाली माणूस असेल तर टू डू. मी शटर ओढण्याआधी कीपमधल्या तारखेच्या गोष्टी टू डूमध्ये हलवते आणि कीपमधली नोंद अर्काइव्ह करते, म्हणजे न पुसता नजरेआड करते. दोन्हीकडे ठेवली तर एक जुनी होतेच.

आमचे मास्तर यातलं काहीच वापरत नाहीत. कापडाच्या कोपऱ्याला टाचणीने चिठ्ठी लावतात, वर फक्त 'शुक्र'. कापड जाईल तिथे चिठ्ठी जाते, त्यामुळे मीही आता ती काढायला सांगत नाही.