चावी न फिरवता गाडीचा स्टिरिओ चालवायचा: लाल-पिवळी जोडायची की स्विच लावायचा?

बाहेरून घेतलेल्या बहुतेक स्टिरिओंत पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची (चावी फिरवली की करंट येणारी), काळी अर्थिंगची.

लाल-पिवळी एकत्र जोडली की काम पाच मिनिटांचं, खर्च शून्य. पण सेट बटणाने बंद करायला विसरलात, तर बॅटरी उतरते आणि सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो.

आम्ही स्विचच लावू. पिवळीवरून फाटा, त्यावर 1 अँपिअरचा फ्यूज, मग स्विच, मग लाल. स्विच पिवळीत घालू नका. घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात.

दोन्हीत गाडीकडून येणारी चावीची वायर लालपासून सोडवा, टोकाला टेप गुंडाळा. ती तशीच राहिली तर करंट उलटा शिरून चावीवरची इतर उपकरणंही चालू राहतात.