संडे स्कूलच्या नाताळ पार्टीची सगळी खरेदी पुण्याच्या बोहरी आळीत केली, माझा अनुभव

डिसेंबर आला की ग्रुपवर सगळे विचारतात, पोरांच्या पार्टीचं सामान कुठून घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. गेल्या नाताळात आमच्या चर्चच्या मुलांची पार्टी पहिल्यांदाच माझ्याकडे आली. आधीच्या बाई कित्येक वर्षं एकहाती करायच्या, आता त्यांना जिने चढवत नाहीत, मीटिंगमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं यंदा कोण बघणार आणि मी हो म्हणाले. हातात १५ हजार, यादीत ६२ मुलं, सगळ्यात लहान ३ वर्षांचं आणि सगळ्यात मोठा १४ चा. मॉलमध्ये आणि ऑनलाइन बघून झालं, एवढ्यात बसतच नव्हतं. मग बाईच म्हणाल्या, अगं रविवार पेठेत जा, बोहरी आळीत, मी कायम तिथूनच आणलंय.

आधी जाण्याचं सांगते. गाडी अजिबात नेऊ नका, टू-व्हीलरसुद्धा नको. गल्ली अरुंद, त्यात हातगाड्या, टेम्पोतून माल उतरत असतो, लावायला जागाच नाही. मी कासारवाडीवरून मेट्रोने मंडईला उतरले आणि तिथून चालत गेले, येताना गोण्या होत्या म्हणून रिक्षा केली. शक्यतो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि सकाळी दुकानं उघडली की लगेच जा, दुपारनंतर कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि घासाघीस करायची तर बोलणं तर व्हायला पाहिजे ना.

सजावटीचं सामान खरंच मस्त आणि स्वस्त मिळालं. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे दिवाळीतले उरलेले चांदणीचे आकाशकंदील. ख्रिसमस स्टार म्हणून बाहेर टांगलेले वेगळे, त्यांचा भाव वेगळा, आणि तेच कागदी चांदणीवाले कंदील आत माळ्यावर पडलेले, ते मागितल्यावर काढून दिले, जवळजवळ निम्म्या भावात. पांढरे आणि पिवळे मिळून दहा घेतले, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या वर लावले तर इतकं सुंदर दिसलं की म्हाताऱ्या आज्या पण फोटो काढत होत्या. त्या देखाव्यात देवदूत होणाऱ्या पोरांसाठी पंख मात्र तिथे नीट मिळाले नाहीत, सगळे गुलाबी, चमकीचे, फुलपाखराचे. शेवटी पांढरा कार्डशीट आणि इलॅस्टिक घेऊन घरीच कापले. मेंढपाळांना घरच्या घोंगड्या आणि काठ्या, मागी लोकांना, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, लग्नातले फेटे, त्याला एक रुपया लागला नाही आणि पोरं शोभून दिसली.

आता गिफ्टचं, कारण पोरांचं सगळं लक्ष तिथेच असतं. एका दुकानात तयार पॅक केलेले हॅम्पर होते, वरून सेलोफेन, रिबिन, बघायला छान, मी एक डझन घेतले पण. घरी येऊन एक उघडला तर आत खोडरबर नाही, दुसऱ्यात शार्पनरचं पातं सुटलेलं. परत न्यायला गेले तर भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. नाव लिहीत नाही, पण तयार पॅक घेऊच नका कुठलाही, सुटं घ्या आणि घरी भरा, चार बायका बसल्या की तासाभराचं काम आहे.

त्याच्या अगदी उलट अनुभव दोन दुकानं सोडून आला. एक वयस्कर चाचा, गल्ल्यावर बसलेले. मी मॅग्नेटच्या झाकणाचे कंपास बॉक्स मागितले, किती पाहिजेत, कशाला पाहिजेत विचारलं, चर्चच्या मुलांना म्हटल्यावर त्यांनी खोकं फोडलं आणि एकेक बॉक्स हातात घेऊन उघडायचे, बंद करायचे, टक्क आवाज आला की उजवीकडे, नाही आला की डावीकडे. गिऱ्हाइकं खोळंबली होती तरी सगळे बघून दिले. सहा बाजूला निघाले. असं कोण करतं हो आजकाल? लहान पोरांसाठी मऊ बॉल आणि चित्रांचे ठोकळे पण त्यांच्याकडेच घेतले.

खेळणी घेताना एक बघा, ISI मार्क असला पाहिजे, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, तरी बिनमार्कचा माल बाजारात दिसतो, मागितल्याशिवाय कोणी चांगला पुढे करत नाही. लुकलुकणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या मेणबत्त्या फार गोड दिसतात पण आत बटण सेल असतो, झाकणाला स्क्रू नसेल तर ते नखाने उघडतं, आणि तो सेल पोराने गिळला तर घशात, अन्ननलिकेत भाजतं, तासा-दोन तासांत सुद्धा. मी घेतल्या नाहीत. फुगे लावले ते उंच लावले, आणि फुटलेल्याचे तुकडे उचलायला दोन मोठ्या मुली ठेवल्या, ३-४ वर्षांची पोरं पटकन तोंडात घालतात. आणि स्नो स्प्रे तर नकोच, आपल्याकडे उपासनेला खऱ्या मेणबत्त्या पेटवतात आणि तो स्प्रे पेट घेतो.

सांताचा ड्रेस पण तिथेच मिळाला, तो ठीकठाक. फ्री साइज म्हणतात पण आमच्या चर्चच्या यूथ ग्रुपमधल्या मुलाला पँट घोट्याच्या वर आली, आणि दाढीचे केस सारखे तोंडात जात होते. दाढी वेगळी घ्या, जरा चांगली.

एकूण पाचपैकी चार स्टार. एक कमी केला तो त्या हॅम्परमुळे.

पण मोजणीचं सांगायचं राहिलं. यादीत ६२, मी हिशेबाने ७५ गिफ्ट नेली. गाणी ऐकून मागच्या वस्तीतली पोरं गेटपाशी आली, पाळकसाहेबांनी सगळ्यांना आत घेतलं, घ्यायलाच पाहिजे होतं. गिफ्ट संपली तेव्हा रांगेत चार पोरं उरली. एक तर शाळेच्या स्वेटरवर आलेला, हात पुढे करूनच उभा होता. आमच्या आठवीतल्या चार मुलींनी कोणी न सांगता आपापले बॉक्स आणून दिले. मला तेव्हा काही सुचलंच नाही, नुसतं भरून आलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलींसाठी चार बॉक्स आणायला परत चाचांकडे गेले आणि हे सांगितलं तर ते म्हणाले, अरे बेटी, जास्त न्यायचे ना, न फोडलेला डझन बिलासोबत आणला तर मी परत घेतो. मी आधी विचारलंच नव्हतं. तुम्ही खरेदी करतानाच विचारा, आणि दोन डझन जास्त न्या.