जुन्या घरगुती सर्व्हरची साठवण वाढवताना: आतली डिस्क, एचबीए कार्ड, नॅस की यूएसबी?

कार्यालयातून निवृत्त झालेला डेस्कटॉप घरी आणून त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) चालवणाऱ्याला प्रोसेसर अपुरा पडण्याच्या आधी बहुधा डिस्क अपुरी पडते. अशा वेळी जागा कमी पडते आहे की वेग, हे आधी ठरवावे, कारण या दोन गरजांची उत्तरे वेगळी आहेत. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) डिस्क सेकंदाला साधारण शंभराच्या आतच विखुरलेली वाचने-लेखने करू शकते. त्यामुळे चार-पाच व्हर्च्युअल मशीन एकाच फिरत्या डिस्कवर ठेवली की सगळीच रेंगाळतात. चवथीचे फोटो किंवा देवस्थानच्या काल्यातील नाटकांची चित्रीकरणे ठेवायला मात्र तीच डिस्क पुरेशी असते.

मदरबोर्डवर साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) मोकळे असतील, तर पहिला खर्च तिथेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या बोर्डावरील ३ गिगाबिटचा पोर्ट सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे जात नाही. तरीही त्यावर लावलेला साधा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) व्हर्च्युअल मशीनसाठी फिरत्या डिस्कपेक्षा कितीतरी सरस ठरतो, कारण येथे सलग वेगापेक्षा विखुरलेल्या वाचनाचे महत्त्व अधिक असते. जागेसाठी मोठी डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे, याची खात्री करून घ्यावी. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असल्याचे उघड झाले होते, आणि झेडएफएसमध्ये (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये) बिघडलेली डिस्क बदलून पुनर्बांधणी करताना अशा डिस्क फारच मंदावतात. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये अडॅप्टर घालून एनव्हीएमई (अधिक वेगवान एसएसडी) लावणेही स्वस्तात जमते. जुन्या बायॉसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) त्यावरून बूट करता येत नाही, पण व्हर्च्युअल मशीन ठेवण्यासाठी त्याने काही अडत नाही.

पोर्ट संपले की खरी निवड एचबीए कार्ड (जादा डिस्क जोडण्याचे कार्ड) आणि वेगळा नॅस (नेटवर्कवरून वापरायचे डिस्कचे स्वतंत्र यंत्र) यांच्यात उरते. एलएसआय ९२११-८आय हे एसएएस२००८ चिपचे कार्ड जुन्या बाजारात सहज मिळते आणि त्याला थेट आठ डिस्क जोडता येतात. झेडएफएस वापरायचे असेल, तर त्यात आयटी मोडचे फर्मवेअर असलेच पाहिजे, म्हणजे कार्ड मध्ये न पडता प्रत्येक डिस्क थेट सिस्टिमला दिसते. या कार्डावर साटा डिस्कही चालतात आणि एसएएस (सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) डिस्कही; साटा पोर्टवर मात्र एसएएस डिस्क चालत नाही. मोठ्या स्टोरेज यंत्रणांतून काढलेल्या एसएएस डिस्क कधीकधी ५२० बाइटच्या सेक्टरच्या (माहिती साठवण्याच्या लहान कप्प्यांच्या) असतात आणि त्या ५१२ वर पुन्हा फॉर्मॅट केल्याशिवाय वापरता येत नाहीत, हेही विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. कार्डाची रचना सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी केलेली असते. गोव्यातील मे महिन्यात साध्या कॅबिनेटमध्ये त्यावर छोटा पंखा लावणे मी आवश्यकच समजतो. शिवाय ३.५ इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेते, म्हणजे आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर जवळजवळ २०० वॉट त्यांनाच लागतात. जुन्या एसएमपीएसची (संगणकाला वीज देणाऱ्या भागाची) क्षमता न पाहता कार्ड मागवू नये.

नॅसचा मोठा गुण असा की जुना सर्व्हर कायमचा बंद पडला, तरी माहिती स्वतंत्र राहते. पण गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला सुमारे ११० एमबीच मिळतात आणि नॅस बंद पडला की त्यावरील व्हर्च्युअल मशीनही अडकतात. म्हणून यूपीएसवर सर्व्हर, नॅस आणि त्यांच्यामधला स्विच असे तिन्ही हवेत; पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागतात आणि लाइट दिवसातून अनेकदा ये-जा करते, तेव्हा यातले एक सुटले तरी बाकीच्यांचा उपयोग राहत नाही. अखंड चालणारे १५ वॉटचे जादा उपकरण वर्षाला सुमारे १३१ युनिट वीज घेते, तोही हिशेब किमतीत धरावा. माझ्या मते घरातल्या अनेकांना तीच माहिती हवी असेल तर नॅस घ्यावा, अन्यथा कार्ड.

यूएसबी डिस्कवर व्हर्च्युअल मशीन ठेवू नयेत, कारण जोडणी क्षणभर तुटली तरी फाइल सिस्टिम धोक्यात येते. बॅकअपसाठी मात्र ती उत्तम आहे. फक्त यूएसबी २.० च्या पोर्टवर १ टीबी उतरवायला आठेक तास लागतात. बॅकअपनंतर सुटी केलेली डिस्क पावसाळ्यात उघड्या कपाटात न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. सतत चालणारे यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते; बंद पडून राहिलेल्या डिस्कच्या संपर्कबिंदूंवर मात्र आपल्याकडची खारी, दमट हवा लवकर गंज धरवते.

जुने कार्ड किंवा डिस्क मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अथवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून मागवली, तर परत पाठवण्याचा खर्च आणि वेळ आपल्याच माथी येतो. म्हणून नवी डिस्क पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानातून वॉरंटीसह घ्यावी आणि जुन्या बाजारातून फक्त कार्ड आणावे. तरीही जुनी डिस्क घेतलीच, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी एक रात्र स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यतपासणीची) दीर्घ चाचणी चालवावी आणि पुनर्नियोजित सेक्टरांचा (खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेल्या कप्प्यांचा) आकडा शून्य नसेल, तर ती वापरात न घेता परत करावी.