हमरस्ता, गल्ल्या की नदीकाठ? सायकलने कामावर जायची वाट ठरवताना

शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सायकलने कामावर जायचं ठरवलं की बहुतेकांपुढे तीन वाटा असतात. पहिली हमरस्त्याची, बस जाते तीच. दुसरी वस्त्यांमधून, गल्ल्यागल्ल्यांतून. तिसरी पाण्याच्या नाहीतर रुळांच्या कडेने: नदीकाठ, कालव्याचा बांध, जुने रूळ उखडून केलेला सायकलमार्ग. तिन्ही प्रकारच्या वाटांवर मी बरीच वर्षं पेडल मारलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. तिन्हींपैकी एकच धरून बसायची गरज सहसा पडत नाही, आणि निवडायला बसाल तेव्हा सुरुवात पुलापासून करा. पुलाकडे येतेच, पण त्याआधी वेळेचा हिशोब, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात.

समजा हमरस्त्याने १२ किलोमीटर पडतं, गल्ल्यांतून साडेतेरा आणि नदीकाठाने १६. हमरस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगाने ३६ मिनिटं होतात. वाटेत २२ सिग्नल आहेत, त्यांतले निम्मे लाल मिळाले आणि दर वेळी ४० सेकंद गेले, तर आणखी सात मिनिटं. झाली ४३. गल्ल्यांत वळणं, स्पीडब्रेकर, मध्येच रिव्हर्समध्ये येणारी गाडी. तिथे सरासरी १६ च्या वर जात नाही, म्हणजे थांबणं धरून ५२-५३ मिनिटं. नदीकाठी फारसं थांबावं लागत नाही, १९ ची सरासरी निघते, पण अंतरच जास्त, म्हणून तिथेही ५२. एवढा डोक्याला ताप करून फरक निघाला नऊ-दहा मिनिटांचा. मागच्या चाकाचं पंक्चर रस्त्याकडेला बसून काढायला मला याहून जास्त वेळ लागतो.

दमाचा हिशोब मात्र वेगळा निघतो. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. हे वजन ताशी २० ने पळत असताना त्यात साधारण १३०० ज्यूल ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती सगळी तापलेल्या रिममधून हवेत जाते, आणि सिग्नल सुटला की पायांनी पुन्हा भरावी लागते. तेवढ्याच श्रमात तुम्ही सपाटीवर आणखी ८० मीटर गेला असता, किंवा दीड मीटर चढ चढला असता. ११ लाल सिग्नल म्हणजे सतरा मीटरचा चढ झाला. नकाशावर सपाट दिसणारा हमरस्ता पायांच्या दृष्टीने रोज पाच मजले चढवतो.

त्यात सिग्नल एकमेकांशी जुळवलेले असतील तर ते मोटारींच्या वेगाला जुळवलेले असतात, आणि सायकलला लालामागून लाल लागत जातो. कोपनहेगनच्या नॉरब्रोगेड या रस्त्यावर हे उलटं केलेलं आहे. तिथे सकाळी शहराकडे येणाऱ्या सायकलला ताशी २० च्या वेगाने सलग हिरवा मिळतो. आपल्याकडे असलं काही नसेल तर वाट तपासताना किलोमीटरपेक्षा पाय किती वेळा टेकावा लागला ते मोजा. गुडघे आणि घाम यांचा अंदाज त्यावरून बरोबर येतो.

हमरस्ता

हमरस्त्याची बाजू घेणारं कोणी भेटत नाही, म्हणून मी घेते. डांबर त्यातल्या त्यात धड असतं. दिवे असतात. गल्लीतून येणारा थांबतो आणि तुम्ही सरळ जाता. वाट चुकायची भीती नाही. रात्री अकराला चेन तुटली तरी आजूबाजूला माणसं असतात, सायकलला कुलूप लावून बस पकडता येते.

शिवाय नवख्यांना पटत नाही अशी एक गोष्ट आहे. गर्दीच्या वेळी हा रस्ता मोकळ्या वेळेपेक्षा बरा असतो. सगळी वाहतूक ताशी १५ ने सरपटत असते, तुम्हीही तेवढ्यानेच चाललेले असता. रात्री दहाला तोच रस्ता मोकळा झाला की गाड्या ६० ने जातात. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३० च्या जागी ६० झाले की चौपट. सकाळी ज्या रस्त्याने निवांत आलात तो संध्याकाळी उशिरा तोच रस्ता राहिलेला नसतो. उशिरा सुटणाऱ्यांनी वाट ठरवताना परतीची वेळ धरून ठरवावी.

गर्दीत धोका असतो तो वळणाऱ्या अवजड गाड्यांचा. ट्रकचा चालक उंचावर बसलेला असतो. त्याला नाकासमोरची आणि कडेच्या बाजूची जमीन दिसत नाही. वाहतूक रस्त्याच्या डावीकडून चालते तिथे ट्रक डावीकडे वळताना आधी किंचित उजवीकडे झुकतो. मागच्याला वाटतं हा सरळच निघाला, आणि तो डाव्या फटीत शिरतो. मग ट्रकचं तोंड वळतं, मागची चाकं आतून कापत येतात आणि ती फट मिटते. सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या मागे उभं राहावं. दहा सेकंद गेले तर गेले.

हमरस्ता निवडण्याआधी एक मोजमाप करून बघा. जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये शहरात एक मीटर आणि बाहेर दीड. तुमच्याकडे असा नियम असो नसो, दीड मीटर धरून चला. कडेपासून अर्धा मीटर, तुम्ही पाऊण मीटर, मधे दीड, आणि मोटार जवळजवळ एक मीटर ऐंशी. बेरीज साडेचार मीटर. लेन असते तीन ते साडेतीन मीटरची. म्हणजे शेजारची लेन थोडी तरी घेतल्याशिवाय कुठलाच चालक तुम्हाला नीट ओलांडू शकत नाही. शेजारी लेन असेल तर तो सरकतो. एका बाजूला एकच लेन आणि मधे उंच दुभाजक असेल तर मागे हॉर्न वाजत राहतो, किंवा अंगाला घासून गाडी जाते. माझ्या मते सायकलसाठी याहून वाईट रस्ता नाही. सहा लेनचा त्यापेक्षा परवडला.

कडेला गाड्या लावलेल्या असतील तर हे गणित आणखी बिघडतं. उघडलेलं दार मीटरभर बाहेर येतं, म्हणून तेवढं अंतर सोडून चालवायचं, आणि मग तुम्ही लेनच्या मधोमध आलेले असता.

गल्ल्या

गल्ल्यांत गाड्या हळू असतात हे खरं, आणि बहुतेकांच्या मनातली धाकधूक तेवढ्याने जाते. शिवाय हवा. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण मोठ्या रस्त्यापासून लांब जाल तसे झपाट्याने कमी होतात. एक-दोन गल्ल्या आतून गेलं तरी फरक पडतो. पेडल मारताना आपण बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा आत घेतो, तेव्हा मला तरी हे कारण एकटंच पुरेसं वाटतं.

गल्ल्यांचं दुखणं गल्लीत नसतंच, ते गल्ली मोठ्या रस्त्याला छेदते तिथे असतं. नकाशावर सुंदर सरळ दिसणारी गल्ली मधेच चार लेनचा रस्ता ओलांडते, आणि तिथे सिग्नल नाही. तुम्ही उभे. डावीकडे फट मिळते तेव्हा उजवीकडे नाही. दोन-दोन मिनिटं जातात, मग माणूस कंटाळून नको तेव्हा घुसतो. मी गल्ल्यांची वाट तपासताना गल्ल्या बघतच नाही, फक्त असे छेद मोजते. सिग्नलवाले किंवा मधे थांबायला जागा असलेले चालतील. बिनसिग्नलचे दोनपेक्षा जास्त असले तर शेजारची गल्ली शोधायची. साधारण तीनशे मीटर इकडेतिकडे सरकलं की सिग्नलवाला चौक सापडतो.

बाकी किरकोळ. एकेरी वाहतूक जाताना सोयीची, येताना उलटी. तेव्हा परतीची वाट वेगळी काढून ठेवा. वळणं पाठ व्हायला आठवडा लागतो. शाळा सुटायची वेळ टाळा.

काठाची वाट

नदी, कालवा आणि रेल्वे यांच्या कडेची वाट सपाट असते याला कारण आहे. पाणी उताराशिवाय वाहत नाही, पण मैदानी नदीचा उतार इतका थोडा असतो की पायांना कळत नाही. कालवा तर मुद्दाम जवळजवळ समपातळीत खणतात. आगगाडीच्या लोखंडी चाकांना चढ सोसत नाही, म्हणून रूळ सहसा शंभर मीटरला दोन मीटरपेक्षा जास्त चढत नाहीत. चढउताराच्या शहरात ही वाट चार किलोमीटर लांब असली तरी दमाच्या हिशोबात जवळची ठरू शकते. शंभराला पाचचा चढ ताशी १० ने चढायला सपाटीवर २० ने जाण्यापेक्षा जास्त ताकद लागते, हे ज्याने केलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

वाऱ्याचं मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. गल्लीत इमारतींचा आडोसा असतो, काठ उघडा. ताशी २० ने जाताना समोरून १५ चा वारा आला तर हवेचा अडथळा तिप्पट होतो. नदीच्या खोऱ्यातून वारा ठरावीक दिशेने वाहत असेल तर सकाळी पाठीवर घेतलेला वारा संध्याकाळी तोंडावर येणारच. दमलेल्या माणसाला तो चढापेक्षा वाईट वाटतो, कारण चढ कुठेतरी संपतो.

आणि अंधार. सकाळी सातला याच्यासारखी वाट नाही. संध्याकाळी साडेसातनंतर मी तिथे जात नाही. कोणी काही केलं म्हणून नव्हे. एकदा मधोमध टायर फाटला आणि बाहेर पडायचा पुढचा रस्ता पावणेदोन किलोमीटरवर होता. सायकल हातात धरून चालताना तेवढ्या अंतरात एकही माणूस दिसला नाही. तेव्हापासून काठाची वाट बघताना बाहेर पडायच्या जागा किती आणि किती अंतरावर, हे आधी बघते. फाटक रात्री बंद होतं का, पावसात वाट पाण्याखाली जाते का, हेही विचारून घ्यावं. चालायला येणाऱ्यांची गर्दी असेल तर १९ ची सरासरी विसरा, आणि ती काढायचा प्रयत्नही करू नका. दोघं-तिघं गप्पा मारत चालणार, त्यांचा हक्कच आहे.

पूल

आता मुद्द्यावर. मोठ्या शहराला नदी, लोहमार्ग आणि द्रुतगती रस्ते यांनी कापलेलं असतं. घर एका तुकड्यात, काम दुसऱ्या. गल्ल्या शेकडो असतात, पण या रेषा ओलांडायच्या जागा मोजून तीन-चार. तुम्ही कुठल्याही वाटेने निघा, शेवटी त्यांतल्या एका पुलावर नाहीतर भुयारी रस्त्यात येऊन पडता, आणि रोजच्या प्रवासातला सगळ्यात वाईट भाग बहुधा तोच असतो. पुलावर रस्ता अरुंद होतो, कडेला उतरायला जागा नसते, चढावर तुम्ही मंदावता तेव्हाच मागच्या गाड्या वेग घेतात. उड्डाणपुलाला बाजूने येऊन मिळणारा रस्ता असेल तर तुमच्या दोन्ही बाजूंनी गाड्या.

म्हणून आधी ओलांडायच्या जागांवर खुणा करा. त्यांतली सगळ्यात कमी वाईट निवडा. मग घरापासून तिथपर्यंत आणि तिथून ऑफिसपर्यंत वाट जोडा. ती गल्ल्यांची असो, काठाची असो, थोडी हमरस्त्याची असो. मी केलं तेव्हा किलोमीटर-दीड किलोमीटर वाढला, पण जिथे छातीत धस्स व्हायचं ती जागाच गेली.

चांगला पूल नसेलच, तर उतरा. ३०० मीटरचा पूल ताशी २० ने मिनिटभरात होतो. सायकल हातात धरून फुटपाथवरून चालत गेलात तर साडेतीन-पावणेचार मिनिटं. म्हणजे तोटा तीन मिनिटांहून कमी. निव्वळ एका भीतिदायक पुलापायी लोक बारा किलोमीटरची चांगली वाट सोडून देतात, तेव्हा मला हळहळ वाटते.

तपासून बघताना

रविवारी सकाळी सगळेच जाऊन बघतात. त्यातून खड्डे, चढ आणि वळणं कळतात. वाहतूक कळत नाही. एखादी सुट्टी खर्च करून कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी जा. तीन गोष्टी टिपून ठेवा: पाय किती वेळा टेकला, किती वेळा दचकलात, आणि कुठे दचकलात. सरासरी काढू नका. अकरा किलोमीटर छान आणि एका चौकात रोज दचकायला होतं, अशी वाट दोन महिन्यांत सुटते. त्या एका चौकासाठी वळसा शोधा.

सूर्यही बघा. काम घराच्या पूर्वेला असेल तर सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा ऊन डोळ्यांवर. तुमच्याच दिशेने येणाऱ्या मागच्या चालकालाही तेच ऊन लागतं, आणि त्याला तुम्ही दिसत नाही. पूर्व-पश्चिम सरळ हमरस्त्यावर हे फार जाणवतं. गल्ल्यांत इमारतींची सावली वाचवते.

विजेवर चालणाऱ्या सायकलीने गणित थोडं बदलतं. सिग्नलवरून पुन्हा वेग घ्यायचे श्रम मोटर उचलते, चढाचं आणि समोरच्या वाऱ्याचंही बरंचसं. त्यामुळे हमरस्त्याची पाच मजल्यांची तक्रार उरत नाही आणि डोंगराळ भागातली जवळची वाट खुली होते. पण युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे बनवलेल्या अशा सायकलीची मोटर ताशी २५ ला मदत थांबवते, तेव्हा ६० ने जाणाऱ्या गाड्यांच्या मानाने तुम्ही सायकलच राहता. लेनचं मोजमाप, ट्रक, दारं, सगळं तसंच. आणि वजन वीस-बावीस किलो झालेलं असतं, म्हणून पुलाला जिने असतील तर एकदा उचलून बघा.

सध्या मी सकाळी काठाने जाते, पूल चालत ओलांडते आणि पुढे गल्ल्या. संध्याकाळी सातच्या आत सुटले तर गल्ल्या, उशीर झाला तर सेवारस्ता असलेला हमरस्त्याचा तुकडा. पावसात काठ बंद, तेव्हा सगळंच गल्ल्यांतून, आणि दहा मिनिटं आधी निघते.